घरातल्यानं दिली

चिकलठाणा
१६ मार्च २०१९

चारूताई,

पत्र बघून लगेच फाडू नको. आधी वाच, मग फाड. कडुबाला सांगितलंय, तुमच्या टाकीत टँकर खाली होईस्तोर थांब अन् जबाब घेऊनच ये.

फोन केला असता, पण तू माझा नंबर बंद करून ठेवलायस. अन् आमचे बद्रीनाथ वकील म्हणले, फोनवर काही बोलू नका, समोरची पार्टी रेकॉर्डिंग करते. समोरची पार्टी म्हंजी तू. मला हसूच आलं. सहा वर्षं तुझ्या गच्चीवर एका चादरीवर कुरडया घातल्या, एका ताटात जेवलो, अन् आता समोरची पार्टी.

सोमवारी फैसला झाला. तू पुढच्या बाकावर, म्या मागच्या. साहेबांनी वाचलं अन् तू मागं न बघता निघून गेलीस. मला वकिलानं बाहेर झाडाखाली समजावलं. शेवयाची मशीन चारुता सेलूकरला परत द्या, नायतर अडतीस हजार भरा. इतकं कळलं. पण त्या कागदात एक ओळ हाय. “प्रतिवादीची साक्ष विश्वासार्ह वाटत नाही.” विश्वासार्ह म्हंजी काय, तीनदा विचारलं. वकील म्हणला, “बाई, सोप्पं हाय. साहेबाला वाटलं तुम्ही खोटं बोलल्या.”

मशीनचं वाईट वाटतं, नाय असं नाय. माझं पोट हाय तिच्यावर. पण ती ओळ आवडाबाईनं बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवली. तिला कुठून मिळाली देव जाणे. गटाच्या पेटीची किल्ली नऊ वर्षं झाले माझ्या कमरेला हाय. बाया नुसत्या चटईच्या काड्या मोडत बसल्या. मग आवडाबाई म्हणली, “किल्ली जरा दिवस माझ्याकडं राहू द्या.” जरा दिवस! म्या काढून दिली. आता उठते-बसते तवा कमरेला आवाज येत नाय, तर चुकल्यासारखं होतं.

मला अपील करायचं. वकिलाला विचारलं कुठं, कसं, किती दिवसांत, तर म्हणतो “तुम्ही फक्त सही करा.” न वाचता सही करायची नाय, हे मला तूच शिकवलं. तुझे अण्णा कोर्टात नक्कल खात्यात तीस वर्षं होते, तुला हे सगळं पाठ हाय. आपल्या धंद्याचे कागदबी तूच करायचीस. मग दुसऱ्या कोणाला विचारू? तूच सांग, तुझ्याविरुद्ध अपील कसं करायचं?

समोरची पार्टी,
सुरेखा

अण्णा बरे हायेत ना?


गारखेडा
१८ मार्च २०१९

सौ. सुरेखा सर्जेराव दहीहंडे यांस,

पत्र मिळालं. फाडलं नाही, कारण कडुबा दारात उभा राहून “ताई, जबाब” म्हणत होता आणि त्याच्या पाइपातून निम्मं पाणी टाकीबाहेर चाललं होतं.

तुमच्या धाडसाची कमाल आहे. पण आमच्या घरचा एक नियम आहे. अण्णांच्या खिडकीशी नक्कल न्यायला जो येईल त्याला, जिंकलेला असो की हरलेला, ते मुदत सांगायचे. “तीस दिवस. त्यानंतर आलात तर रडायला आलात.” कुणाच्या बाजूचा आहेस, हे विचारायचं नाही. तो नियम मी मोडणार नाही. तर ऐका.

अपील त्याच साहेबांकडं होत नाही, वरच्या म्हणजे जिल्हा कोर्टात होतं. हुकूमनाम्याच्या तारखेपासून तीस दिवसांत दाखल करायचं. त्याला निकालाची आणि हुकूमनाम्याची खरी नक्कल लागते, कोर्टाच्या शिक्क्याची. झेरॉक्स चालत नाही. नकलेचा अर्ज आजच्या आज द्या. अर्ज दिल्यापासून नक्कल हातात येईपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत. पण अर्जच उशिरा दिलात, तर तो उशीर तुमच्या डोक्यावर.

अपील केलं म्हणून निकाल आपोआप थांबत नसतो. स्थगितीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. नाही दिलात तर मी दरखास्त लावीन आणि बेलिफ येऊन मशीन उचलून नेईल. मी लावणार आहे, हे आत्ताच सांगते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. वरच्या कोर्टात नवी गोष्ट सांगता येत नाही. तिथले साहेब खालचेच कागद वाचतात आणि खालच्या साहेबांचं कुठं चुकलं का, तेवढं बघतात. खाली सांगता येत होतं आणि सांगितलं नाही, ते वर ऐकत नाहीत. तुम्हाला खाली संधी मिळाली होती. माझ्या वकिलांनी विचारलं, “मशीन कोणी दिली?” तुम्ही म्हणालात, “घरातल्यानं दिली.” “घरातल्यानं म्हणजे कोणी?” तर म्हणे, “ते मी सांगणार नाही, साहेब.” आमच्या घरात माणसं दोन. मी दिली नाही. आणि अण्णांना मी मशीन गेली त्याच दिवशी विचारलं होतं. ते म्हणाले, “मी कशाला देईन?” ज्या माणसानं तीस वर्षं ‘खरी नक्कल’ म्हणून सही केली, तो माझ्याशी खोटं बोलेल? त्यांचं नाव घ्यायची तुमची जीभ झाली नाही, एवढी लाज शिल्लक होती, हे बरं.

अण्णा उत्तम आहेत. झाडांना पाणी घालतात. आठ-आठ दिवस नळ येत नाही, तरी आमचा शेवगा गल्लीत सगळ्यात हिरवा आहे.

चारुता सेलूकर


चिकलठाणा
४ एप्रिल २०१९

चारूताई,

नक्कल मिळाली परवा. तुझ्यामुळं. अर्ज दिला त्याच दिवशी, कडुबाच्या टँकरवर बसून कोर्टात गेले. खिडकीवरच्या पोराला म्हणलं, “मुदत सांग.” तो म्हणला, “मावशी, ते वकिलाला विचारा.” म्हणलं, “इथं पहिले सेलूकर अण्णा बसायचे, ते सांगायचे.” त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू निजामाच्या काळातलं काही मागायले.

तू मला ‘तुम्ही’ म्हणायलीस, तवा मला कळलं की म्या खरंच हरले. फैसल्याच्या दिवशीबी इतकं कळलं नव्हतं.

आता एक विचारते, हसू नको. मला मशीनविषयी अपील नाय करायचं. कोर्टाला म्हणावं, मशीन न्या, नाव तेवढं ठेवा. नुसती ती एक ओळ खोडायला काही अर्ज असतो का? वकील म्हणला, “बाई, असं कधी कोणी मागितलं नाय.” म्हणून तुला विचारते.

इकडं आमच्या अंगणाच्या पूर्वेला सात मजली बिल्डिंग उभी राहिली. विमानतळाच्या जवळ म्हणून लई भाव हाय म्हणतात. माझ्या खाटांवर अकरा वाजेस्तोर तिची सावली. दुष्काळात बाकी सगळ्याची टंचाई होती, आता उन्हाची बी झाली. शेवया वाळायला दोन दिवस लागायलेत.

अण्णांना भर उन्हात एकटं बाहेर सोडू नको. खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवायलीस ना?

सुरेखा


गारखेडा
८ एप्रिल २०१९

सुरेखा,

नुसत्या ओळीविरुद्ध अपील नसतं. अपील हुकूमनाम्याविरुद्ध असतं. ‘मशीन परत द्या’ हा हुकूमनामा. ‘साक्ष विश्वासार्ह नाही’ हे त्याचं कारण. हुकूमनामा रद्द झाला तर कारणाचा जीव जातो. तो कायम राहिला तर कारणही राहतं. मशीन ठेवून नाव नेता येत नाही आणि नाव ठेवून मशीनही नेता येत नाही. दोन्ही एका दोरीला बांधलेलं आहे. वर हायकोर्ट आहे, पण तिथं कायद्याचाच मुद्दा लागतो. कोण खरं बोललं, हे तिथं पुन्हा काढत नाहीत. तेव्हा तुझ्यासाठी जिल्हा कोर्ट हेच शेवटचं समज. तुझी मुदत नकलेचे दिवस धरून सव्वीस एप्रिलला संपते. मी बोटांवर दोनदा मोजलंय.

आता तू मला सांग. चिठ्ठीचं तुला कुणी सांगितलं?

गेल्या महिन्यात अण्णा भाजी आणायला म्हणून गेले आणि पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, छावणीत सापडले. एका दुकानदारानं बसवून ठेवलं होतं. तेव्हापासून मी त्यांच्या खिशात पत्ता ठेवते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. शाळेत नाही, शेजारी नाही. माझ्या घरात काय चाललंय यावर तू कुणाला नजर ठेवायला लावलंयस? कडुबाला? कोर्टात अण्णांचं वय नि प्रकृती काढून काही मिळवायचा विचार असेल, तर सांगून ठेवते, माझ्यासारखी वाईट कुणी नाही.

आणि तू कुठल्या तोंडानं नाव म्हणतेस? १६ सालचा एप्रिल विसरलीस? चाळीस किलो गव्हाचा चीक. तीन दिवस भिजवून, टँकरचं विकतचं पाणी रोज बदलून, वाटून, गाळून निवळायला ठेवलेला. सकाळी पातेली रिकामी. तू म्हणालीस, “निवळ काढताना माझ्या हातून सांडला.” तुझ्या हातून? तू नऊ वर्षांची असल्यापासून चीक निवळतेस. वास घेऊन सांगतेस अजून तासभर राहू दे म्हणून. मी मूर्ख आहे का? छावणीच्या दुकानाची ऑर्डर बुडाली, आणि तो चीक कुणाच्या अंगणात कुरडया झाला, ते तुलाच माहीत. मी तुला जा म्हटलं ते त्यासाठी. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर मशीनही नाही.

चारुता


चिकलठाणा
२५ एप्रिल २०१९

चारूताई,

अपील दाखल झालं. एक दिवस राखून. स्थगिती मिळाली. मशीन विकायची नाय, हलवायची नाय, इतकीच अट घातली. तुला नोटीस येईल, घाबरू नको.

कडुबा नजर-बिजर ठेवत नाय. तो त्याच्या टँकरच्या गळक्या कॉकवर नजर ठेवू शकला तरी लई झालं. चिठ्ठीचं म्या सहज म्हणलं. म्हातारी माणसं, उन्हाचे दिवस.

चिकाविषयी म्या काही बोलणार नाय. तेव्हा बोलले तेच.

सुरेखा


गारखेडा
१२ मे २०१९

सुरेखा,

कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागली आहे, म्हणून हे पत्र कोर्टाचं नाही.

मशीन परत येणार, या हिशेबानं मी गेल्या आठवड्यात पाच किलो गहू भिजत घातले. तीन वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं कुरडयांपासून हात बसवावा, शेवया मशीन आल्यावर. चौथ्या दिवशी वाटले, गाळले, मोठ्या पातेल्यात निवळायला ठेवले आणि झोपले. सकाळी दूध तापवत होते तर मागच्या दारी तांब्याचा आवाज. जाऊन बघते तर अण्णा शेवग्याच्या आळ्यापाशी उकिडवे बसलेले. पातेलं शेजारी. तळाचा चीक तांब्यानं खरवडून खरवडून झाडाला घालत होते. माझ्याकडं बघून खूश झाले. म्हणाले, “चारू, हे आंबलेलं पाणी कुणी ठेवलं गं घरात? वास मारत होता. दुष्काळात सांडपाणी वाया घालवू नये. झाडाला घातलं.”

मी दारातच बसले. दूध उतू गेलं.

चीक गेला त्या वर्षी शेवग्याला किती शेंगा आल्या होत्या! मी सगळ्या गल्लीत वाटल्या. तू गेलेली होतीस, म्हणून तुला नाही दिल्या.

दुपारी कडुबा आला. मी त्याला विचारलं, “कडुबा, तीन वर्षांमागं आमच्या घरून मशीन कोणी नेली?” तो पाइप जोडता जोडता म्हणाला, “म्याच की. केबिनीत नवरीसारखी बसवून नेली. एका बाजूनं म्या धरली, दुसऱ्या बाजूनं अण्णांनी.” मी म्हटलं, “मग हे तीन वर्षांत सांगितलं का नाहीस?” तर म्हणतो, “सुरेखाताईनं लेकराची शपथ घातलती. अन् तुम्ही तरी कुठं विचारलं?”

खरं आहे. मी सगळ्यांना विचारलं. वकिलांना, शेजाऱ्यांना, दुकानदाराला. ज्यानं मशीन वाहून नेली, त्याला विचारलं नाही. दर आठवड्याला तो माझ्या दारात उभा असायचा.

आता तू सांग. सगळं. मी फाडणार नाही.

चारू


चिकलठाणा
१५ मे २०१९

चारूताई,

तुला कळलं, आता लपवून काय करू. पण म्या सांगितलं असं नाय, तुला तुझं कळलं. असंच धर.

त्या दिवशी तू सातच्या शाळेला गेलती. म्या आले तर अण्णा झाडाला पाणी घालायलेत. पातेली पालथी. म्या ओरडले, “अण्णा, हे काय केलं!” ते माझ्याकडं बघत राहिले. मग पातेल्याकडं. मग हाताला लागलेल्या चिकाकडं. चारूताई, त्यांना त्याच वेळी समजलं. चिकाचं नाय, स्वतःचं. पायरीवर बसले अन् म्हणले, “सुरेखा, हे पहिल्यांदा नाही. परवा मला घराचा रस्ता आठवला नाही. क्रांती चौकात उभा राहून मी लोकांना कोर्ट कुठंय विचारत होतो.”

मग म्हणले, “चारूला सांगू नको. तिला कळलं तर नोकरी सोडून माझ्यापाशी बसेल. माझ्यापायी तिनं लग्न केलं नाही, आता नोकरी पण सोडायची? जमेल तोवर मला धड राहू दे.” माझ्या हातावर हात ठेवून वचन घेतलं. म्या दिलं. त्या दिवसापास्नं त्यांच्या खिशात पहिली चिठ्ठी म्याच ठेवली, तुमच्या लाइट बिलावरचा पत्ता कापून.

तुला म्हणलं माझ्या हातून सांडला. मला वाटलं तू शिव्या देशील, दोन दिवस बोलणार नाय, मग बोलशील. तू म्हणलीस चीक विकला. त्यावर काय बोलू? बोलले असते तर वचन मोडलं असतं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी कडुबाच्या हाती निरोप धाडला, ये म्हणून. म्या आले तर म्हणले, “तुझं नाव माझ्यामुळं गेलं. निदान मशीन तरी ने. चारूला मी समजावतो.” समजावणार होते ते. पण संध्याकाळपस्तोर विसरले असतील. तू विचारलंस तवा ते खोटं नाय बोलले. त्यांच्या हिशेबानं त्यांनी दिलीच नव्हती.

कोर्टात शपथ घातली, खरं सांगेन म्हणून. म्हणून म्हणलं, घरातल्यानं दिली. ते खरंच होतं. बाकीचं अर्धं खरं अण्णांचं होतं, माझं नव्हतं. म्हणून सांगितलं नाय.

मला अण्णांना भेटायचं हाय. पण आता कोर्टाचं हाय तर येऊ का नको, ते तू सांग.

सुरेखा


गारखेडा
१७ मे २०१९

सुरेखा,

कोर्टाचं गेलं खड्ड्यात. कधीही ये.

अण्णांनी ज्यासाठी तुझी जीभ बांधली, ते तसंही झालंच. मी नोकरी सोडली नाही, पण जूनपासून अर्धा दिवस मागून घेतलाय. तीन वर्षं त्यांनी आणि तू मिळून मला दिलीत. मी त्या तीन वर्षांत काय केलं? तुझ्यावर केस.

आता कायद्याचं. मी रविवारपासून अण्णांची जुनी पुस्तकं काढून बसलेय. कडुबाची साक्ष आता वरच्या कोर्टात घेणार नाहीत. तो तेव्हाही होता, तुला माहीत होता, तू बोलावलं नाहीस. बद्रीनाथ वकिलांनी अर्ज दिला तरी बहुतेक नाकारतील. मी केस मागं घेते म्हटलं, तर त्यानं खालचं वाक्य पुसलं जाईलच असं नाही. पण एक वाट आहे. दोन्ही बाजू मिळून तडजोड दाखल करू शकतात. तिला पुरसीस म्हणतात. कोर्ट दोघींना समोर बोलावून विचारतं, मर्जीनं सही केली का. हो म्हटलं की खालचा हुकूमनामा रद्द करून तडजोडीचा नवा करतात. एकट्या तुला नवं सांगता येत नाही, पण दोघी मिळून सांगितलं तर ऐकतात.

मसुदा केलाय. तिसरं कलम असं आहे: “वादीचे वडील लक्ष्मण सेलूकर यांनी विस्मरणाच्या आजारात चीक सांडला व मशीन स्वतः प्रतिवादीस दिली. प्रतिवादीने ही गोष्ट त्यांच्या विनंतीवरून लपवली.” हे आवडाबाईला वाचून दाखव. किल्ली घेऊन ती पळत येईल.

चारू


चिकलठाणा
२० मे २०१९

चारूताई,

तिसरं कलम नको.

ज्या कोर्टात अण्णा तीस वर्षं मान ताठ ठेवून बसले, त्याच कोर्टाच्या कागदात त्यांचा आजार लिहायचा? अन् मग त्याच खिडकीतून कोणीबी पाच-दहा रुपयांत नक्कल काढणार? माझं नाव धुवायला त्यांचं पाणी नको मला. किल्लीबिना राहीन. दोन महिने राहिलेच की.

बाकीची कलमं चांगली हायेत. तिसऱ्याला काट मार.

सुरेखा


गारखेडा
२३ मे २०१९

सुरेखा,

काट मारली. त्या जागी हे घातलं:

“३. मूळ प्रतिवादीने खालच्या कोर्टात शपथेवर सांगितले की मशीन ‘घरातल्यानं दिली’. ही साक्ष खरी आहे, असे मूळ वादी कबूल करते.”

तुझंच वाक्य आहे. एक अक्षर बदललेलं नाही. चालेल?

चारू


(अण्णांना वाचून दाखवण्यासाठी. चारूताई, मधे आपलं काही घालू नको.)

चिकलठाणा
२४ जुलै २०१९

ती. अण्णांना सुरेखाचा नमस्कार.

काल आम्ही दोघी तुमच्या कोर्टात गेलतो. तुम्ही विचारलं होतं चारू कुठं चालली, तर ती इथं चाललती. पायऱ्या त्याच हायेत. नकलेच्या खिडकीला काच बसवली.

वरच्या कोर्टातल्या साहेब बाई हायेत. आम्ही दोघी एकाच बाकावर बसलतो, तर बद्रीनाथ वकील आले अन् मला हळूच म्हणले, “बाई, तुम्ही तिकडं बसा, ही समोरची पार्टी हाय.” तुमची लेक म्हणली, “बसू द्या, तिचा पदर माझ्याखाली अडकलाय.” अडकला नव्हता.

साहेबांनी कागद वाचला. हुकूमनामा रद्द, ठीक. मशीन दोघींची अन् राहील चिकलठाण्याला, ठीक. खर्च ज्याचा त्यानं, ठीक. मग चष्मा खाली केला अन् विचारलं, “हे तिसरं कलम कशाला? मशीनचं मिटलं, मग साक्षीचं काय घेऊन बसलात?” वकील काहीबाही बोलायला लागले. साहेबांनी त्यांना हातानं थांबवलं अन् चारूताईला विचारलं, “तुम्ही जिंकलेल्या आहात. जिंकलेला माणूस असं लिहून देत नाही. कुणाचा दबाव आहे का?”

चारूताई म्हणली, “नाही साहेब. ती खरं बोलली होती. तेवढं कागदावर राहू द्या.”

“मग ‘घरातल्यानं’ म्हणजे कोणी?”

अण्णा, शपथेची जागा ती. म्या खाली बघत राहिले.

तुमची लेक मान ताठ करून म्हणली, “ते मी सांगणार नाही, साहेब.”

साहेबांनी खालचा निकाल उलटून बघितला. एका पानावर बोट ठेवलं. म्हणल्या, “इथं ह्यांचंही अगदी हेच उत्तर आहे.”

चारूताई म्हणली, “हो साहेब. नक्कलच आहे.”

साहेबांनी आमच्या दोघींकडं बघितलं. मग सही केली.

आवडाबाई आज सकाळी किल्ली घेऊन आली. म्या तिला चहा पाजला, बसवलं, सुनेचं विचारलं. किल्लीला हात लावला नाय. म्हणलं, “जरा दिवस राहू द्या तुमच्याकडं.” तिचं तोंड बघायला पाहिजे होतं. शेवटी मलाच कीव आली, घेतली.

अण्णा, आषाढ सरत आला तरी पावसाचा पत्ता नाय. जुलैत कुरडया घालायला निघालेल्या आम्ही दोघीच असू मराठवाड्यात. दहा किलो गहू तुमच्याच गच्चीवर भिजत घातले, तिथं अजून बिल्डिंगीची सावली पडत नाय. चौथ्या दिवशी वाटू, चीक निवळायला ठेवू. दुसऱ्या दिवशी सकाळी म्या येते. पातेल्यापाशी तुमच्यासाठी पाट ठेवीन अन् तांब्या हातात देईन. वरचं पाणी तुम्ही काढायचं, हळूहळू, अन् सगळं शेवग्याला घालायचं. ते काम आता तुमचंच. खालचं आम्ही बघू.

तुमची,
सुरेखा